खपलीचं जनुक

गव्हाच्या एका फुलात तीन परागकोश असतात. ते पिवळे पडण्याआधी, हिरवट असतानाच चिमट्याने काढायचे. तिन्हीच्या तिन्ही. एक जरी राहिला तरी फूल स्वतःच्याच परागावर फळतं आणि पुढच्या हंगामात कळतं की संकर झालाच नव्हता. लोकवन गव्हाच्या ओंबीवर मी बटर पेपरची पिशवी चढवतो आणि दोन-तीन दिवसांनी तिच्यात खपली गव्हाचा पराग झटकतो.

खपली आमच्या घरी उखळात कांडली जायची. मळणी झाली तरी तिचा दाणा सालीतून सुटत नाही. कांडून झालं की आजी खीर करायची. कॉलेजात गव्हाच्या तांबेरा रोगाच्या धड्यात हाच शब्द पुन्हा भेटला. अमेरिकेतल्या मिनेसोटात स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ साली काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी जे बारा गहू ठरवले, त्यांत एक ‘खपली’. आजीचं उखळ तिथवर पोचलेलं पाहून मी कितीतरी वेळ पान उलटलं नाही.

खपलीतलं एसआर१३ हे जनुक युगांडात १९९८ साली सापडलेल्या यूजी९९ तांबेऱ्यालाही दाद देत नाही. ते लोकवनमध्ये आणणं मात्र कठीण. खपलीत २८ गुणसूत्रं, लोकवनमध्ये ४२. संकराच्या रोपात ३५, त्यांतल्या सातांना जोडीदारच नाही. ओंब्या बहुतेक वांझ. चार सुरकुतलेले दाणे मिळाले तरी ते डबीत जपून ठेवावेसे वाटतात. मग पुन्हा लोकवनचा पराग, पुन्हा, पुन्हा. दर पिढीत खपलीचा वाटा साधारण निम्मा होतो. जनुक टिकलंय का, हे आता पानाच्या तुकड्यातल्या डीएनएवरून समजतं. तरीही मी रोपांवर तांबेरा सोडतोच, तोही उबदार खोलीत, कारण थंडीत हे जनुक ढिलं पडतं.

एक गोष्ट मला सलते. सहाव्या पिढीतल्या रोपात खपलीची साल नाही, खिरीची चव नाही. तसंच व्हायला हवं असतं, सालीत अडकलेला गहू पोळीसाठी कोण घेईल? पण इथिओपियात एसआर१३ला न जुमानणारे तांबेऱ्याचे प्रकार सापडले आहेत. उद्या दुसरं काही शोधायला मला अख्ख्या खपलीकडेच यावं लागेल.

म्हणून संकरांच्या वाफ्याशेजारी दरवर्षी दोन ओळी तिच्या. कोणी मागितलेल्या नाहीत. मळणीनंतर ते दाणे कांडत नाही. सालीसकट ठेवतो, कार्तिकात तसेच पेरतो.