९७ दिवसांची उधारी

नैरोबीला मी २०१७ साली आलो, पण कामुकुंजीत पाऊल टाकलं ते थेट २०२४ च्या फेब्रुवारीत. तेही हौसेनं नव्हे. कारखान्यात प्लास्टिक फिल्मचे जड रोल इकडून तिकडे न्यायला ट्रॉल्या हव्या होत्या आणि परचेसवाल्यांनी नेहमीप्रमाणे भारतातून मागवायचा घाट घातला होता. आता ट्रॉली म्हणजे काय, चार चाकांवरची हवा! ती कंटेनरमध्ये भरून समुद्रानं मोंबासाला आणायची आणि तिथून रेल्वेनं वर नैरोबीला. मी कागदावर हिशोब केला, तर भाड्याचा आकडा ट्रॉलीच्या किमतीशी स्पर्धा करत होता. आमचा ड्रायव्हर सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "बॉस, हे तर जुआ कालीवाले करून देतील."

जुआ म्हणजे सूर्य आणि काली म्हणजे कडक. (आपल्या काळ्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही.) कडक उन्हात, उघड्यावर बसून काम करणारे कारागीर म्हणून हे नाव पडलं. आता छपराखाली बसणाराही जुआ कालीच. १९७२ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं केनियातल्या रोजगारावर एक अहवाल काढला आणि 'असंघटित क्षेत्र' ही कल्पना तिथून जगभर पोचली. म्हणजे अर्थशास्त्रज्ञ आज ज्याच्यावर परिसंवाद घेतात, त्याचं एक माहेर हे. सरकारच्या २०१६ च्या पाहणीत देशात सुमारे ७४ लाख छोटे-मोठे उद्योग निघाले, आणि त्यातले परवाना असलेले जेमतेम १५-१६ लाख. बाकीचे सगळे उन्हात.

कामुकुंजीत शिरलात की पहिल्यांदा कान बंद होतात. शेकडो माणसं एकाच वेळी पत्र्यावर हातोडे मारत असतात. तेलाचा रिकामा ड्रम उभा चिरायचा, ठोकून सपाट करायचा आणि त्यातून ढकलगाडी, बादली, पोरांच्या बोर्डिंगच्या ट्रंका, काय वाटेल ते काढायचं. मोठ्या पसरट भांड्याला इथे 'कराई' म्हणतात. आपली कढईच ती! दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', पैशाला 'पेसा'. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला तिथे परकं वाटण्यासारखं काही नाही. फक्त चहात दूध जास्त.

एक गोष्ट मात्र मी तिथे उभा राहून बराच वेळ बघितली. कोळशाची शेगडी, इथली 'जिको'. डमरूसारखा आकार, बाहेरून पत्रा, आणि फक्त वरच्या अर्ध्या भागात भाजलेल्या मातीचं अस्तर. मूळ कल्पना थायलंडच्या बादलीसारख्या शेगडीची. १९८० च्या दशकात ती इथल्या स्वयंपाकाला जुळवून घेतली आणि बनवायचं काम या पत्रेवाल्यांवर सोपवलं. कोळसा चांगलाच वाचतो, त्यामुळे शहरांत घरोघर पोचली. कुणी फुकट वाटली नाही. बाई येते, शेगडी उलटीसुलटी करून बघते, घासाघीस करते आणि पैसे मोजून घेऊन जाते. हे 'पैसे मोजून' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या ड्रायव्हरच्या ओळखीचा फुंडी, म्हणजे कारागीर, पन्नाशीचा असेल. एक वेल्डिंग मशीन, एक ग्राइंडर आणि हाताखाली एक पोरगा. मी मोठ्या ऐटीत कॅडवर काढलेलं ड्रॉइंग त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं ते आदरानं पाहिलं, आदरानं घडी घातलं आणि विचारलं, "एखादी जुनी ट्रॉली आहे का?" नमुना म्हणून ट्रॉली दिली, दोन आठवड्यांनी दोन नग आले. (वायदा एका आठवड्याचा होता. रोज फोनवर 'केशो', म्हणजे उद्या. ऑफिसात मी त्याच्या केशोची नक्कल करून सगळ्यांना हसवत असे.) दोन्ही ट्रॉल्या तीन चाकांवर उभ्या, चौथं हवेत!

दोष सोपा होता. एका बाजूचं वेल्डिंग पूर्ण करून मग दुसऱ्या बाजूला जायचा. वेल्ड थंड होताना आकसतो आणि सगळी फ्रेम पिळून निघते. एका शनिवारी मी तिथेच मांडी ठोकली. आधी चारही कोपऱ्यांना टॅक मारायचे, दोन्ही कर्ण दोरीनं मोजायचे, सारखे आले की समोरासमोरचे कोपरे आळीपाळीनं वेल्ड करायचे. दोघांनी मिळून अँगलचा एक जिग बनवला. तिसरी ट्रॉली चारही पायांवर उभी राहिली तेव्हा त्यानं ती हलवून बघितली, मग माझ्याकडे बघून पोरासारखा हसला.

एप्रिलमध्ये बारा ट्रॉल्यांची ऑर्डर काढली. नगाला १८,५०० शिलिंग, एकूण २,२२,०००. त्यानं आणखी दोन पोरं कामाला घेतली. मे अखेर माल कारखान्यात आला, सगळा चोख. आणि मी तीन आठवड्यांच्या रजेवर कोल्हापूरला गेलो.

अण्णांचं उद्यमनगरात दोन लेथचं वर्कशॉप होतं. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीची कास्टिंग मशीन करून द्यायचे. काम भरपूर, पैसे मात्र चार-चार महिन्यांनी. आईच्या पाटल्या गेल्या, मग एक लेथ गेलं, १९९९ साली दुसरंही गेलं. "शिक आणि नोकरी धर, धंद्याच्या वाटंला जाऊ नको," हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं, आणि मी इतकं ऐकलं की पार आफ्रिकेत नोकरीला आलो. असो. तर जेवताना मी फुंडीची गोष्ट रंगवून सांगितली. जिग, कर्ण, तीन पोरांना काम, सगळं. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पैसं दिलंस का त्येला?"

"होतील की. सिस्टिममध्ये आहे," मी म्हणालो.

सिस्टिममध्ये नव्हतं. माल तपासल्याच्या कागदावर माझी सही लागते, आणि तो कागद नैरोबीत माझ्या खणात पडून होता. मी रजेवरून परतून सही केली तेव्हा १९ दिवस झाले होते. मग अकाउंट्सनं बिल परत पाठवलं. १ जानेवारी २०२४ पासून इथल्या करखात्याच्या प्रणालीतून निघालेलं इलेक्ट्रॉनिक बिल असेल तरच कंपनीला तो खर्च करातून वजा करता येतो, आणि याचं बिल पावतीपुस्तकातलं, हातानं लिहिलेलं. अकाउंट्सचं चूक नव्हतं. त्याची नोंदणी करून नवं बिल काढेपर्यंत आणखी १८ दिवस. आणि आमची पैसे देण्याची मुदत योग्य बिल आल्यापासून ६० दिवस. बेरीज करा, ९७.

या ९७ दिवसांत त्याचं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. मालासाठी त्यानं सुमारे १,३०,००० घातले होते. त्यात स्वतःचे ५०,०००, तेवढीच पाइपवाल्याकडे उधारी आणि उरलेले मोबाइलवरचं कर्ज. हे कर्ज बटण दाबलं की मिळतं, पण ३० दिवसांना साडेसात टक्के. २०२२ मध्ये सरकारनं छोट्या लोकांसाठी 'हसलर फंड' काढला. व्याज वर्षाला आठ टक्के, म्हणजे किती चांगलं! पण रक्कम ५०० ते ५०,००० आणि त्यातल्या वैयक्तिक कर्जाची मुदत १४ दिवस. १४ दिवसांनी फेडायचं, आणि गिऱ्हाईक देणार ९७ व्या दिवशी. ही गाठ जगातला कुठला फंड मारणार? मोठमोठे लोक 'छोट्या उद्योगांना भांडवल मिळत नाही' म्हणतात तेव्हा मला हल्ली हसू येतं. इथे तर हा उन्हातला माणूस आमच्या कंपनीला सव्वादोन लाख बिनव्याजी वापरायला देत होता.

पाइपवाल्यानं जुलैत उधारी बंद केली. त्याबरोबर नव्या दोन पोरांचं कामही बंद. माझ्या ऑर्डरनं तयार झालेले रोजगार माझ्याच कंपनीनं अडीच महिन्यांत संपवले. तो मला फोन करायचा, तावातावानं कधीच नाही. "बॉस, काही कळलं का?" आणि मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे इंग्रजीतलं 'केशो' आहे. नक्कल करणं बंद केलं.

आपल्याकडे २००६ च्या कायद्यानं छोट्या पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. मी अण्णांना विचारलं, तुमच्या वेळी हा असता तर? ते म्हणाले, "व्याज मागाय गेलो असतो तर पुढची ऑर्डर कुणी दिली असती?" मात्र आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरात जी दुरुस्ती झाली, की मुदत उलटली तर पैसे दिल्याशिवाय तो खर्च वजाच होणार नाही, ती त्यांना आवडली. त्यात मागावं कुणाला लागत नाही, मोठ्याच्याच खिशाला कात्री लागते.

सप्टेंबरच्या सुरुवातीला पैसे जमा झाले. मी सांगायला गेलो, तर तो "असांते" म्हणाला, आभार मानले त्यानं! मला कुठे बघावं कळेना.

अकाउंट्सच्या मॅनेजरशी मी महिनाभर भांडलो. ६० दिवसांचा नियम काही हलला नाही, तो मुख्य ऑफिसातून येतो. पण मालापुरती आगाऊ रक्कम मिळवली, आणि सहीचा कागद आता माझ्या खणात जात नाही, माल उतरतो तिथेच उभ्या उभ्या सही होते. मोठ्या ऑर्डरऐवजी चार-चार नगांच्या ऑर्डरी काढतो. परचेसला हे पसंत नाही, कागद वाढतात म्हणून. वाढू देत.

दोन पोरांपैकी एक परत आला. दुसरा मोटारसायकलवर भाडी मारतो आणि आता येणार नाही म्हणतो. जिग अजून आहे, त्यावर फुंडीनं शाळा सुरू होण्याआधीच्या हंगामात ट्रंकांच्या कडाही बसवल्या. मला न विचारता त्यात एक सुधारणाही केली आहे, आणि ती माझ्या मूळ डिझाइनपेक्षा बरी आहे.

परवाच चार ट्रॉल्या आल्या. सही झाली, बिल गेलं. शुक्रवारी अकाउंट्समध्ये जाऊन बसायचं आहे.