ठगाची सोबत

गुन्ह्याची कथा सांगण्याचा मान बहुधा गुप्तहेरास मिळतो, नाही तर त्याच्या भाबड्या मित्रास. खुद्द खुन्यालाच बोलू द्यावे, ही कल्पना आजही धाडसाची वाटते. मेडोज टेलर याने ती १८३९ सालीच ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीत योजली. तीत अमीर अली नावाचा ठग आपली सारी हकिकत एका साहेबास मोठ्या ऐटीने सांगतो. बळी ७१९!

आम्ही हे पुस्तक डोंबिवलीहून मुंबईस जाताना आगगाडीत वाचले; गर्दीत, पुष्कळदा उभ्यानेच. शेजारी भजन चाललेले असे. नावगाव ठाऊक नसलेल्या माणसांशी आमचा तेथे वर्षानुवर्षांचा घरोबा. ठगाचा धंदाही सोबतीवरच चाले. वाटसरूंशी गोड बोलावे, चार मुक्काम बरोबर करावेत आणि विश्वास बसला म्हणजे रुमालाचा फास आवळावा. अमीर अली वाचकाशी हाच व्यवहार करतो. ज्या इस्माईलच्या टोळीने त्याच्या आईबापांस मारले, त्याच इस्माईलने त्याला पोसले, हे वाचून आपले मन द्रवते. पुढे पुढे तर सावकाराची कीव येण्याऐवजी बेत फसू नये अशीच इच्छा होऊ लागते! असले अस्वस्थ सुख दुसऱ्या कोणत्या रहस्यकथेने आम्हांस दिलेले नाही.

तथापि एक शंका राहते. ऐकणारा साहेब आहे आणि बोलणारा माफीचा साक्षीदार. ज्याचा जीव बोलण्यावर टांगलेला, त्याची ऐट कितीशी त्याची आणि कितीशी साहेबास रुचेल अशी? टेलर हा देश जाणणारा होता खरा. १८५३ पासून नळदुर्गाचा कारभार त्याने पाहिला. (त्याच साली आगगाडी ठाण्यास पोचली.) पण अमीर अलीच्या मुखाने अखेर तोच बोलतो.

आणि मेलेले? ते क्षणभर येतात, हसतात, गाडले जातात. त्यांतच अमीर अलीची सख्खी बहीण आहे. आपण कोणास मारले हे त्यास फार उशिरा कळते, आणि मग तो रडतो तो स्वतःसाठी. तिच्या तोंडून ही कादंबरी कोणी लिहिली, तर आम्ही ती उभ्याने वाचू.