सदुसष्ट अंशांचा तास

घरी एल ही बिअर करणारे चार जण जमले की बोलणं हॉप्सवर जातं. कुठल्या जातीला संत्र्याचा वास, कुठलीला पाइनचा, कोणी किती मूठ घातली. हॉप्स मलाही आवडतात, पण माझा जीव अडकलेला असतो मॅशमध्ये. भरडलेलं माल्ट गरम पाण्यात कालवून तासभर ठरावीक उष्णतेला मुरत ठेवायचं, एवढंच ते काम. त्या तासात हॉप्स नसतात, यीस्ट नसतं, अल्कोहोलचा थेंबही नसतो. पण एल जिभेवर भरून राहणार की पाण्यासारखी घशाखाली उतरून जाणार, हे बहुतेक तिथंच ठरतं. तिथं हुकलेलं नंतर हॉप्स ओतून भरून निघत नाही.

मी लीड्सला राहते. इथं घरी पिण्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. १८८० च्या कायद्यानं तो लागू झाला होता, १९६३ च्या अर्थसंकल्पात रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी काढून टाकला. विकायची मात्र नाही. (महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय हे करता येत नाही, म्हणून तिकडच्या मैत्रिणींना मी कृती देत नाही, नुसती हकिगत सांगते.) परवाना गेल्यावर सुरुवातीला बहुतेकांनी डब्यात मिळणाऱ्या माल्टच्या पाकावर काम भागवलं. १९७४ साली डेव्हिड लाइन यांचं ‘द बिग बुक ऑफ ब्रुइंग’ आलं आणि धान्यापासून सुरुवात करायची रीत घरच्या भांड्यांत बसवून दाखवली. पाकाच्या डब्यात मॅश आधीच होऊन गेलेला असतो. दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या कुठल्यातरी उष्णतेला तो केलेला असतो. चांगली बिअर त्यातूनही होते. पण तो तास मला कोणाला द्यावासा वाटत नाही.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव. दाणा भिजला की आत साठवलेला स्टार्च फोडून कोंबाला खाऊ घालायची तयारी सुरू करतो. त्यासाठी लागणारी एन्झाइम्स तयार होतात. कोंब फार वाढायच्या आत भट्टीत हळूहळू वाळवून त्याला थांबवायचं, पण एन्झाइम्स जळू द्यायची नाहीत. मी मॅरिस ऑटर हे जव वापरते. केंब्रिजच्या वनस्पती पैदास संस्थेनं १९६० च्या दशकात काढलेलं हे वाण, संस्थेजवळच्या मॅरिस लेनवरून नाव पडलेलं. शेतात उत्पन्न कमी, दुकानात भाव जास्त. तरी एलमध्ये त्याची बिस्किटासारखी चव उतरते, ती मला दुसऱ्या जवात सापडत नाही.

आई इथं राहायला आली होती तेव्हा मॅशचं झाकण काढल्यावर तिनं चमचाभर पाणी घेतलं, फुंकर मारून चाखलं.

“अगं, साखर केवढी घातलीस?”

“अजिबात नाही, आई. मोडाचीच गोडी आहे.”

तिला पुढचं काही समजवावं लागलं नाही. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून ठेवणं तिनं आयुष्यभर केलं आहे. मोडाच्या नाचणीची खीर साध्या पिठाच्या खिरीसारखी दाटत नाही, सैल राहते आणि गोडसर लागते, हे तिच्या हाताला पाठ होतं. दोन्हीकडे काम करणारी एन्झाइम्स एकाच घराण्यातली.

तेवीस लिटर ‘बिटर’ एलसाठी मी सुमारे ३.९ किलो मॅरिस ऑटर आणि पाव किलो क्रिस्टल माल्ट घेते. भरड अशी हवी की दाणा फुटावा पण तूस अखंड राहावं. हेच तूस पुढं गाळणीचं काम करतं. पीठ झालं तर सगळं चिखलासारखं बसतं आणि पाणी खाली उतरत नाही. लीड्सचं पाणी हलकं, डोंगरातल्या तलावांमधून आलेलं. बिटरला थोडं जड पाणी मानवतं, म्हणून जिप्सम घालते. बर्टन-ऑन-ट्रेंटच्या विहिरींत ते निसर्गानंच विरघळवून ठेवलंय आणि त्या गावाच्या फिक्या एलचं नाव त्यावरच झालं.

साडेदहा लिटर पाणी पंचाहत्तर अंशांच्या आसपास तापवायचं. धान्य गार असतं, ते पडलं की पाणी आठ-नऊ अंशांनी उतरतं. आधी ऊन करून घेतलेल्या जाड भिंतींच्या कूलबॉक्समध्ये पाणी ओतते आणि एका हातानं भरड सोडत, दुसऱ्या हातानं लाकडी उलथन्यानं ढवळत जाते. गुठळ्या होतात. वरून ओल्या, आत कोरडं पीठ. त्या कडेला दाबून एकेक फोडाव्या लागतात, कारण आत पाणी पोचलं नाही तर तिथला स्टार्च स्टार्चच राहतो. मग थर्मामीटर मध्यभागी, कडेला, तळाशी. तिन्हीकडे ६७ दिसलं की झाकण.

आता त्या आकड्याचं कारण. दोन एन्झाइम्स इथं शेजारी शेजारी राबत असतात. बीटा-अमायलेज स्टार्चच्या लांब साखळीच्या टोकापासून माल्टोज तोडत जातं. ती साखर यीस्टला सहज पचते. त्याला साठ ते पासष्ट अंश सोसतात, त्यावर ते लवकर निकामी होतं. अल्फा-अमायलेज साखळी मध्येच कुठंही तोडतं आणि सत्तरच्या आसपास जोमात असतं. त्यातून मागं उरतात डेक्स्ट्रिनचे तुकडे, जे एलचं यीस्ट खात नाही. चौसष्टला मॅश केलं तर जवळजवळ सगळं यीस्टच्या पोटात जातं आणि एल कोरडी, सडपातळ होते. एकोणसत्तरला केलं तर डेक्स्ट्रिन जास्त, अंग भरीव, अल्कोहोल थोडं कमी. पाच अंशांच्या त्या पट्ट्यात कुठं उभं राहायचं हे ठरवणं, याला मी एल करणं म्हणते.

१७६२ साली मायकल कॉम्ब्रून यांनी ब्रुइंगवरच्या आपल्या पुस्तकात थर्मामीटरचा आग्रह धरला. त्याआधी ब्रुअर उकळत्या पाण्याची वाफ विरळ व्हायची वाट पाहत, आणि पाण्यात आपला चेहरा दिसू लागला की माल्ट घालत. त्या अंदाजावर शतकानुशतकं चांगली एल झाली. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ती मुख्यतः बायकाच घरी करत, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यांच्या नजरेबद्दल मला आदर आहे, पण थर्मामीटर मी सोडणार नाही. थर्मामीटर आणि ब्रुअरीचं नातं जुनं आहे: ज्याच्या नावानं ऊर्जा मोजतात तो जेम्स जूलही सॅलफर्डच्या ब्रुअरीवाल्या घरातला.

वीस मिनिटांनी झाकण किंचित उचललं की बदल डोळ्यांना दिसतो. पेजेसारखं पांढुरकं पाणी आता चहाच्या रंगाचं, नितळ झालेलं असतं. तासाभरानं पांढऱ्या बशीत थेंब काढून त्यात आयोडीन टाकते. निळं-काळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे, पिवळट-तपकिरीच राहिलं तर काम झालं. तो नमुना फेकायचा.

मग तोटी अगदी हळू उघडायची. पहिलं गढूळ पाणी परत वर ओतायचं, तुसाचा थर बसून स्वच्छ धार येईपर्यंत. वरून पंचाहत्तर-सत्त्याहत्तर अंशांचं पाणी शिंपडत उरलेली गोडी धुऊन घ्यायची. इथं घाई केली की धार अडते. चोथा शेजारच्या कोंबड्यांना.

पुढचं सगळं मी शिस्तीनं करते, पण त्यावर फार बोलण्यासारखं नाही. तासभर खळखळून उकळी. सुरुवातीला ४५ ग्रॅम फगल हॉप्स कडूपणासाठी, शेवटच्या दहा मिनिटांत २५ ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग्ज वासासाठी. तांब्याच्या वेटोळ्यातून गार पाणी खेळवून वर्ट, म्हणजे हा उकळलेला गोड रस, वीस अंशांच्या खाली आणायचा. १.०४० च्या आसपासची घनता मोजून लिहून ठेवायची, यीस्ट घालायचं आणि स्वच्छतेत तसूभर ढिलाई करायची नाही. दुसऱ्या दिवशी वर फेसाची जाड साय येते. घनता १.०११ वर येऊन थांबली की ३.८ टक्क्यांची एल तयार. बाटलीत भरताना सत्तर ग्रॅम साखर पुरे, बिटरला फार बुडबुडे नकोत.

ती बर्फासारखी गारही नको. बारा अंशांना ओतली तरच माल्ट बोलतं. एकाच कृतीची एक खेप पासष्टला आणि एक अडुसष्टला करून शेजारी शेजारी पिऊन पाहावी, असं मी नव्यानं शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगते. पासष्टची एल कडू जास्त भासते, हॉप्स तेवढेच असूनही; पहिला घोट छान लागतो, दुसऱ्या ग्लासापर्यंत ती रिकामी वाटू लागते. अडुसष्टची ओठांना किंचित चिकटते, कडूपणा मागं सरतो. साध्या बिटरला मी ६७ धरते. हिवाळ्यात काळसर माइल्ड करते तेव्हा ६९, कारण तीन-सव्वातीन टक्क्यांच्या एलला दुसरं अंग कुठून येणार?