ओताई

पॉलिनेशियाच्या पश्चिम भागात, टोंगा आणि सामोआ या द्वीपसमूहांत, उन्हाळ्याच्या दिवसांत एक पेय केले जाते. त्याचे नाव ओताई. त्याला पेय म्हणावे की खाद्य, असा प्रश्न पडावा इतके ते दाट असते. घोट घेताना फळाचा कीस दाताखाली येतो आणि तो यावा, अशीच करणाऱ्याची इच्छा असते. कृती साधी आहे. पिकलेले मध्यम कलिंगड मधोमध कापायचे, त्याचा लाल गर चमच्याने खरवडून मोठ्या पातेल्यात काढायचा आणि बिया वेचून टाकायच्या. त्यात एका नारळाचा चव, दोन वाट्या नारळाचे दाट दूध, गराची गोडी पाहून साखर आणि लिटरभर थंडगार पाणी मिसळायचे. कुणी थोडे अननसही किसून घालतात.

नारळ खवण्यासाठी तिकडे एक बुटके लाकडी आसन असते. त्याच्या टोकाला दातेरी लोखंडी पाते. त्यावर बसून नारळाची वाटी फिरवणारे माणूस पाहिले, तर कोकणातल्या कुणालाही आपल्या घरची विळी आठवावी. खवलेला चव समुद्रकाठच्या एका जास्वंदवर्गीय झाडाच्या सालीच्या तंतूंत धरून पिळण्याची तिथली जुनी रीत आहे.

गंमत अशी, की आज ओताईची ओळख बनलेले कलिंगड हे तिचे मूळ फळ नव्हे. ती पूर्वी 'वी' या आंबटगोड फळाची होत असे. गोव्यात आणि कोकणात लोणच्यात नि आमटीत पडणाऱ्या आंबाड्याच्याच कुळातले हे फळ. सुमारे २८०० वर्षांपूर्वी टोंगात वस्ती करणाऱ्या दर्यावर्दी लोकांच्या वंशजांनी ते नावांतून बेटाबेटांवर नेले. पुढे युरोपीय जहाजांच्या मागोमाग नवी फळे आली. कलिंगड मूळचे आफ्रिकेचे, अननस दक्षिण अमेरिकेचे, आंबा आपल्या भूखंडाचा. ओताईने या सर्वांना पातेल्यात जागा दिली आणि आपले नाव मात्र सोडले नाही.

टोंगाच्या १८७५ च्या राज्यघटनेने रविवार पवित्र मानला आहे. त्या दिवशी बाजार बंद असतो. प्रार्थनेहून परतल्यावर जमिनीतल्या भट्टीत शिजलेले अन्न घरोघरी वाढले जाते. असल्या मोठ्या पंगतीच्या जेवणाबरोबर ओताई शोभते. एका माणसापुरती ती करणे कठीणच. एक कलिंगड कापले की दहाजणांची सोय होते.

ही पंगत आता समुद्रापार पांगली आहे. टोंगाची लोकसंख्या सुमारे एक लाख, तर २०१८ च्या जनगणनेनुसार एकट्या न्यूझीलंडमध्ये ८२ हजारांहून अधिक टोंगन होते. ऑकलंडच्या एखाद्या घरात नारळाचे दूध डब्यातून येते, चव गोठवलेल्या पाकिटातून. आजी चमचा मागते, नात मिक्सर काढते. मिक्सरमध्ये गर क्षणात विरघळतो, आणि हाती येते ते सरबत. आजीचा हट्ट चवीपुरता वाटतो, पण खरवडायला बसलेल्या माणसांत जे बोलणे होते, तेही त्या किसाबरोबर टिकून असते. वी कधी न चाखलेल्या नातीपर्यंत बेटावरची नावे आणि नाती पोचण्याची ती एक वाट आहे.

१५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळच्या समुद्रातील ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. देशाला जगाशी जोडणारी समुद्रतळाची तार तुटली आणि परदेशातील कुटुंबांना कित्येक दिवस घरच्यांचा आवाज ऐकू आला नाही. छपरांवरून टाक्यांत साठणाऱ्या पावसाच्या पाण्यात राख मिसळली. न्यूझीलंडच्या नौदलाचे जहाज अडीच लाख लिटर पिण्याचे पाणी घेऊन तिकडे गेले. ज्या पेयात पाणी हा कुणी मोजतही नाही असा घटक, त्याच्या देशात त्या आठवड्यात पाणीच सर्वांत मोलाचे ठरले.

फळ बदलले, नारळ डब्यात गेला, पंगत पांगली. एवढे झाल्यावर ओताईत जुने काय उरले, असे कुणी विचारील. उरले ते तिचे माप. ते आजही एका पेल्याचे नाही, पातेल्याचे आहे. ते भरायचे तर खरवडायला दोन-चार हात लागतात आणि रिकामे करायला घरभर माणसे.