एका भिंतीची जाडी

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले, तेव्हा घरातल्या मंडळींना ते थोडे विनोदी वाटले आणि आत्याला अगदीच अनाकलनीय. तिचा प्रश्न सरळ होता. "वीस वर्षं तू लोकांची घरं बांधलीस, कॉलेजात मुलांना शिकवतेस. आता तुला आणखी काय शिकायचं राहिलं?" मी म्हटले, "वास्तुशास्त्रात डॉक्टरेट करते आहे." त्यावर ती म्हणाली, "घरांनासुद्धा डॉक्टर लागतो का?"

हा प्रश्न तिने थट्टेने विचारला होता. परंतु पुढची सहा वर्षे तो माझी पाठ सोडणार नव्हता.

माझा विषय होता इंदूरमधील मराठी वाड्यांची रचना, 1818 ते 1948. मंदसौरचा तह 1818 साली झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला स्थिरावली. दरबाराच्या आश्रयाने कारकून, फडणीस, भिक्षुक, वैद्य अशी कितीतरी मराठी कुटुंबे येथे रुजली. 1948 साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले. या एकशेतीस वर्षांत आपल्या माणसांनी माळव्याच्या मातीत कशी घरे बांधली, दक्षिणेतून काय आणले आणि येथले काय घेतले, हे मला शोधायचे होते. निदान मला तसे वाटत होते.

पहिल्याच बैठकीत माझ्या मार्गदर्शकांनी माझा आराखडा वाचून बाजूला ठेवला. ते माझ्याहून सात वर्षांनी लहान. अतिशय सौजन्याने म्हणाले, "हे सगळं छान आहे, पण यात प्रश्न कुठे आहे?" मी गप्प झाले. वास्तुविशारदाचा सारा व्यवसाय उत्तरे देण्याचा. गिऱ्हाइकाने जागा दाखवली की हात कागदाकडे जातो; जे नाही ते असल्यासारखे रेखाटायचे, हीच आमची विद्या. संशोधनात नेमके उलटे. जे आहे ते तसेच्या तसे रेखाटायचे, आणि ते तसे का आहे हे कळेपर्यंत हात आवरायचा. ही सवय मोडायला मला दोन वर्षे लागली. अभ्यासवर्ग, दर सहा महिन्यांनी समितीपुढे प्रगतीचा अहवाल, शोधनिबंध, परिषदा हे सोपस्कार त्यामानाने सोपे.

या काळात मला आधार दिला तो एका जुन्या अहवालाने. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी होळकर दरबारासाठी इंदूरचा अभ्यास करून 1918 साली दोन खंडांचा अहवाल दिला. मूळचे ते जीवशास्त्रज्ञ. गल्लीबोळांतून पायी हिंडल्याखेरीज त्यांनी कोणत्याही शहराला सल्ला दिला नाही. आधी निदान, मग उपचार, हा त्यांचा दंडक. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याऐवजी, जेथे अगदी गरज आहे तेथेच थोडे कापावे आणि बाकीचे दुरुस्त करून जगवावे, अशी त्यांची शिकवण होती. पुढे ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. गंमत अशी की, स्वतः गेडीसनी विद्यापीठाची एकही पदवी पुरी केलेली नव्हती! ते वाचले त्या दिवशी मला आत्याचा प्रश्न आठवला. होय, घरांनासुद्धा डॉक्टर लागतो. मात्र त्याने आधी नाडी पाहिली पाहिजे.

घराची नाडी म्हणजे त्याची मोजमापे. मी अकरा वाडे निवडले, त्यांत बारावा आमचा स्वतःचा. मार्गदर्शक साशंक होते. म्हणाले, "स्वतःच्या घराविषयी माणूस तटस्थ राहत नाही. प्रबंधात आठवणी चालत नाहीत." मी हट्टाने म्हटले, "मोजपट्टीला आठवणी नसतात."

आमच्या वाड्याची कथा घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाई. मूळ पुरुषाने दोन मुलांसाठी शेजारी शेजारी दोन वाडे बांधले, थोरल्या पातीचा आमचा आणि धाकट्या पातीचा पलीकडचा. या कथेला एक शेपूट होते. धाकट्यांनी मागाहून भिंत सरकवून आमची हातभर जागा गिळली. या हातभर जागेपायी दोन्ही घरांचे येणेजाणे माझ्या जन्माआधीच बंद झाले होते. आत्याचे वय आता चौऱ्याऐंशी. तिने त्या घराचा उंबरा कित्येक दशकांत ओलांडला नव्हता. लग्नपत्रिका टपालाने जात. घरे एकमेकांना खेटून, आणि मध्ये टपालखाते!

मी आमची बाजू मोजून काढली. देवडी, ओसरी, चौक, माजघर, सोपा. खणांचा हिशेब मांडू लागले आणि अडले. वाड्यातले खण बहुधा विषम असतात, म्हणजे दार मधल्या खणात येते. आमच्या माजघरात खण भरले साडेचार. अर्धा खण कोणता सुतार बांधील? शिवाय बाहेरच्या भिंती खिडकीपाशी मोजल्या तर अडीच फूट जाड. परंतु मधल्या सामाईक भिंतीला ना दार ना खिडकी, तेव्हा तिची जाडी कळावी कशी? त्याला उपाय एकच. गल्लीतून दोन्ही घरांची मिळून रुंदी घ्यायची, दोन्हीकडची आतली मापे घ्यायची आणि वजाबाकी करायची. म्हणजे पलीकडे जाणे आले.

तीन आठवडे मी ते माप टाळत राहिले. अकरा परक्या घरांची दारे बेधडक ठोठावणारी मी, स्वतःच्या चुलत काकांच्या दाराशी पाय जड झाले. शेवटी एका रविवारी सकाळी हातात टेप आणि वही घेऊन गेले. दार सूनबाईंनी उघडले. काका झोपाळ्यावर बसले होते. मी कोण ते सांगितले. त्यांनी क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "तुझ्या आजोबांसारखं नाक आहे. बस. आधी पोहे खा, मग काय मोजायचं ते मोज."

गल्लीतून रुंदी भरली सत्तेचाळीस फूट सहा इंच. बाहेरच्या दोन भिंतींचे पाच फूट वजा. आमचे माजघर वीस फूट तीन इंच, त्यांचे एकवीस फूट सहा. राहिले नऊ इंच. अडीच फुटी भिंतींच्या वाड्यात मधली भिंत एका विटेची! ती मूळची असणे शक्यच नव्हते. पलीकडेही खण साडेचारच होते. दोन्ही मिळून नऊ. मग मी शिडी लावून कडीपाट पाहिला. तुळई भिंतीपाशी संपत नव्हती. ती अखंड, एकसंध, वरून तशीच पलीकडे गेलेली होती. भिंत तिच्याखाली नुसती रचलेली होती. म्हणजे दोन वाडे कधी नव्हतेच. एकच घर होते, एकच माजघर, आणि त्याच्या मधल्या खणात कोणीतरी भिंत घातली होती.

भिंत बरोबर मध्यावर मात्र नव्हती. हिशेब केला तर आमच्या बाजूला साडेसात इंच सरकलेली. कथेतली हातभर जागा ती हीच, जेमतेम वीतभर. आत्याची तक्रार अगदीच खोटी नव्हती, हे वहीत लिहिताना मला, तटस्थ संशोधक म्हणवणारीला, थोडे बरे वाटले हे कबूल करते.

तेव्हा काकांनी कपाटातून एक कापडात बांधलेले दप्तर काढले. "हे आम्हाला कुणाला वाचता येत नाही," ते म्हणाले. कागद मोडीत होते. प्रबंधासाठी मी वर्षभर मोडी गिरवली होती. पहिली दोन पाने हिशेबाची निघाली. तिसरे वाटणीपत्र, 1938 सालचे. त्यात माजघराच्या मध्यावर भिंत घालण्याचे ठरले होते, आणि पुढे लिहिले होते, की तसे केल्यास देवघराची चौकट अडते. सबब थोरल्यांनी आपखुशीने आपल्या बाजूची एक वीत जागा सोडली आहे, तीबद्दल पुढे कोणी हरकत घेऊ नये. खाली दोन्ही भावांच्या सह्या. थोरल्यांची सही माझ्या आजोबांची.

ज्या जागेसाठी आम्ही इतकी वर्षे अबोला धरला, ती कोणी गिळली नव्हती. देवाचे दार मोकळे राहावे म्हणून आमच्याच आजोबांनी ती दिली होती. भांडणे पुढे दुसऱ्याच कशावरून तरी झाली असतील. त्यांना कारण म्हणून ही वीत सापडली, आणि देणे विसरले जाऊन घेणे तेवढे लक्षात राहिले.

त्या संध्याकाळी मी आत्याला नक्कल वाचून दाखवली. तिने दोनदा वाचायला लावली. मग विचारले, "वीतभरच ना?" मी म्हटले, "वीतही पुरती नाही." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग जप करायला उठून गेली.

प्रबंध 2022 साली पुरा झाला. मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमके त्याच भिंतीवर बोट ठेवले. "ही नंतरची कशावरून?" मी तुळईचे रेखाचित्र पुढे केले. मागच्या रांगेत काका बसले होते. मार्गदर्शक हसले आणि म्हणाले की, बारावा वाडा घेतला ते बरे झाले. तोवर रस्ता रुंद करण्याच्या कामात आमची ओसरी आणि देवडी, दोन्ही घरांची, गेली होती. कापताना भिंत नव्हे, तुळईच उघडी पडली. ती दोन्हीकडून धरायला दोन्ही घरची माणसे उभी होती. ओसरीचे आता उरले आहे ते माझ्या प्रबंधातले एक पान.

आत्या पलीकडे अजून गेलेली नाही. गुडघे दुखतात म्हणते, आणि ते खरेही आहे. पण पुढच्या चैत्रात गौरीच्या हळदीकुंकवाला तिने आंब्याच्या डाळीची वाटी आणि पन्ह्याचा गडू पलीकडे पाठवला. भिंतीला दार नाही, म्हणून तो गल्लीतून फिरून गेला. परत येताना गडू रिकामा आला नाही.

नावापुढे 'डॉक्टर' लागले. त्याने पगारात थोडी वाढ झाली. परंतु वाचकांना सांगावेसे वाटते ते वेगळेच. आपल्यापैकी पुष्कळांची जुनी घरे ग्वाल्हेरला, बडोद्याला, हैदराबादेला, बेळगावला अजून उभी आहेत आणि पुष्कळ आज ना उद्या पडणार आहेत. ती सगळी वाचणार नाहीत. पण पाडण्याआधी एक रविवार काढून ती मोजावीत, आणि माळ्यावरचे मोडी कागद रद्दीवाल्याला देण्याआधी कोणाकडून तरी वाचून घ्यावेत. त्यासाठी पदवी लागत नाही. टेप लागतो, वही लागते, आणि शेजारच्या दाराची कडी वाजवण्याइतका धीर लागतो.