नदीचा शेजार

इंग्लंडांतील श्रूझबरी या जुन्या बाजारपेठेच्या गांवास सेव्हर्न नदीनें जवळजवळ वेढाच घातला आहे. १७९५ सालचा वेल्श पूल ओलांडला कीं फ्रँकवेल लागतें; तेथें आमचें बिऱ्हाड. चार्ल्स डार्विन १८०९ सालीं याच भागांत जन्मला, हें आम्ही पाहुण्यांस अभिमानानें सांगतों. २००० सालच्या महापुराची गोष्ट मात्र जुने शेजारी सांगतात, आणि तीहि हलक्या आवाजांत. पुढें २००३ सालीं येथें पूरबंदोबस्त झाला. वेल्सच्या डोंगरांत पाऊस फार झाला कीं माणसें येऊन कांठावर धातूच्या फळ्या उभ्या करतात आणि आम्ही निर्धास्त निजतों.

२०२० च्या फेब्रुवारींत असेच निजलों. सकाळीं गांव ओलांडून कोलहॅमकडे गेलों, तों तेथें घरांत पाणी शिरलेलें. एक म्हातारी उंबऱ्याशीं उभी होती. आम्ही विचारपूस करण्यापूर्वीं तिनेंच विचारलें, “तुमच्याकडे पाणी नाहीं ना आलें?”

“नाहीं,” आम्हीं म्हटलें, आणि मान आपोआप खालीं गेली. अपराध आमचा नव्हता. पण त्या दिवसापासून फळ्या उभ्या राहूं लागल्या कीं आमची झोंप उडते.