चोरकंदील

लेकीच्या बाळंतपणासाठी मी मिलानला गेले, तेव्हा डिंक, अळीव, सुंठ, बाळंतशोपा, जुन्या लुगड्यांची दुपटी असे सारे बांधून नेले होते. रात्रीच्या उजेडाचे मात्र मनातही आले नव्हते.

माझ्या लहानपणी गावात वीज यायची होती. वडील रात्री मुलांच्या वह्या तपासायला बसत, तेव्हा आम्ही निजलेल्या बाजूला कंदिलाच्या काचेशी एक पोस्टकार्ड टेकवून ठेवीत. वह्यांवर उजेड, अंथरुणावर काळोख. कार्ड हळूहळू तपकिरी होई. मग दुसरे येई. पुढे लेकीच्या वेळी माझ्याकडे झीरोचा बल्ब होता. त्याच्या हिरव्या उजेडात बाळाचा रंगच कळत नसे!

मिलानला बाळ घरी आले, त्या पहिल्या रात्री पंचाईत झाली. मोठा दिवा लावावा, तर नुकताच डोळा लागलेली लेक दचकून उठे. मालवावा, तर पाळण्यातल्या त्या अडीच किलोच्या जिवाचा श्वास चाललाय की नाही, दिसेना. तिसऱ्यांदा मी त्याच्या नाकाशी बोट नेले, तेव्हा लेक डोळे मिटूनच म्हणाली, "आई, अगं, उशाशी एक्लिस्से आहे ना, ती फिरव."

तो नारिंगी दिवा मी दिवसा पाहिला होता. मला ते शोभेचे भांडेच वाटले होते. उंची १८ सेंटीमीटर, म्हणजे वीतभरही नाही. पत्र्याचे तीन अर्धगोल : एक पालथा, बैठकीचा, दुसरा त्यावर उभा, आणि तिसरा त्याच्या पोटात, बल्बाभोवती फिरणारा. ही आतली वाटी ओढत गेले, की उजेडाची कोर बारीक होत जाते. एक्लिस्से म्हणजे ग्रहण. गरोदरपणी ग्रहणात विळीला हात लावू न देणाऱ्या माझ्या आजीने उशाशी ग्रहण घेऊन निजलेली ही बाळंतीण पाहिली असती, तर काय केले असते कोण जाणे!

सकाळी जावयांनी त्याची कुळकथा सांगितली. दिवा इथलाच, मिलानचा. विको माजिस्त्रेत्ती या वास्तुशिल्पज्ञाने १९६५च्या सुमारास तो आर्तेमीदे कंपनीसाठी घडवला. १९६७ साली त्याला 'काँपासो द'ओरो', म्हणजे सोन्याचा कंपास, हे पारितोषिक मिळाले. कल्पना सुचली ती ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल'मधल्या जाँ वाल्जाँच्या कंदिलावरून, असे माजिस्त्रेत्ती सांगत. झाकण सरकवून उजेड लपवायचा तो कंदील. आपण त्याला चोरकंदील म्हणतो. जुन्या बल्बांनी आतली वाटी तापून बोटे पोळायची. हल्लीच्या एलईडीने ती पीडा बरीच टळली.

पण हे सकाळचे. त्या रात्री मी वाटी ओढत ओढत नखाएवढी कोर ठेवली. ती नेमकी पाळण्यावर पडली. दुपट्याची घडी वर होई, खाली होई. वडिलांच्या पोस्टकार्डाच्या उजेडाच्या बाजूला मी पहिल्यांदाच बसले होते. मी श्वास मोजू लागले. चाळीसपर्यंत मोजले असतील. मग लेकीकडे पाहिले. तिचे तोंड काळोखात होते, आणि ती चक्क घोरत होती.